शटडाउन काकांची एक चालू लाईन

शटडाउन काकांनी आमच्या ब्लॉकमधल्या जवळजवळ प्रत्येकाच्या फोनवर येणारी जाहिरातींची पत्रं बंद करून दिली, पण एकदाही स्वतःच्या बोटाने बटण दाबलं नाही. ते शेजारी बसायचे, चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ न्यायचे, मेलच्या अगदी तळाशी बारीक करड्या अक्षरांत लपवलेलं 'अनसबस्क्राइब' शोधून काढायचे आणि फोन मालकाच्या हातात परत द्यायचे. "आता दाबा. तुमची लाईन, तुमचा हात." आपण दाबलं की ते विचारायचे, "लाईन मेली का?" आणि आपण "मेली" असं मोठ्याने म्हणेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. नुसती मान हलवलेली त्यांना चालत नसे.

मी हिंदी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते. दिवसभर पोरांवर ओरडून घरी यावं, चहाचं आधण ठेवावं आणि फोन हातात घ्यावा, तर शहराबाहेर कुम्हारीला हायवेला लागून प्लॉट, घरबसल्या कर्ज, गुडघेदुखीचं तेल, इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचे क्लास. मला मूलबाळ नाही आणि गुडघे अजून तरी धड आहेत. तरी रोज जिन्याच्या पायरीवर बसून मी एकेक मेल पुसत असे. काका खालच्या क्वार्टरमध्ये राहायचे. एकदा बागेला पाणी घालता घालता त्यांनी मला पाहिलं.

"बाई, तू फरशी पुसून राहिली," ते म्हणाले. "नळ तर चालूच आहे. नळ कावून नाई बंद करत?"

"कंटाळा येतो, काका."

"मग रोज पुसायचा कंटाळा नाई येत?"

पाण्याची नळी तशीच वाफ्यात टाकून ते माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसले.

त्यांच्या मते या पत्रांचे दोनच प्रकार होते. "ज्याच्या दुकानात आपण खरंच पाय ठेवला, त्याची लाईन खालून बंद करता येते. पण ज्याले आपण ओळखतच नाई, त्याच्या बटणाले हात नाई लावायचा. ती वायर उघडी आहे. हात लावला का त्याले समजते, इथं माणूस आहे म्हणून." अशा अनोळखी पत्रांना स्पॅमच्या पेटीत ढकलायचं आणि तिकडे पुन्हा पाहायचं नाही. सारखे येणारे फोन थांबवायला नंबरची नोंदणी कशी करायची, तेही त्यांनीच ब्लॉकभर शिकवलं. रोज संध्याकाळी थोड्या थोड्या लाईनी आम्ही मारल्या. काही दिवसांनी माझा फोन इतका गप्प झाला की तो बिघडला असं वाटून मी स्वतःलाच एक मेल पाठवून पाहिला.

हे सगळं भिलाईच्या पोलाद प्लांटमधून आलं होतं. काकांनी उभा जन्म इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये काढला. तिथे मशीनला हात लावण्याआधी लाईन बंद करतात, त्याला शटडाउन घेणं म्हणतात, आणि बंद केलेल्या स्विचवर आपल्या नावाचा लाल टॅग अडकवतात. म्हणजे आत माणूस काम करतोय, कोणी चालू करू नका. हा शब्द काकांच्या तोंडी इतका असायचा की सोबतच्यांनी त्यांचं तेच नाव पाडलं, मग त्यांच्या बायकांनी उचललं, मग पोरांनी. खरं नाव फाटकाच्या पाटीवर होतं, पण पाटीवर मधुमालतीचा वेल चढला होता आणि तो छाटावा असं कोणालाच कधी वाटलं नाही.

टॅगचा नियम ते देवळातल्या माणसासारखा आवाज खाली आणून सांगत. "ज्यानं लावला, त्यानंच काढायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाई, मग तो कितीही मोठा साहेब असो." तरुणपणी कुठल्याशा ठेकेदाराच्या कामावर कोणी तरी घाईत दुसऱ्याचा टॅग काढला होता. पुढचं ते सांगत नसत, आणि मीही कधी विचारलं नाही. एवढं मात्र एकदा विचारलं की टॅग लावणारा माणूस दुसऱ्या दिवशी आलाच नाही तर?

"तर त्याच्या घरी जायचं. त्याले घेऊन यायचं."

"आणि तो येऊच शकत नसला तर?"

"मग दोन माणसं उभी राहतेत. त्याचं पूर्ण नाव मोठ्यानं घेतेत. अन् काढतेत. चुपचाप नाई काढायचा. त्याचं काम होतं ते."

इतक्या पत्रांशी दोन हात केलेल्या या माणसाला खरा राग एकाच गोष्टीचा होता. सुरुवातीला त्यांना अनसबस्क्राइब वगैरे काही ठाऊक नव्हतं, तेव्हा ते जाहिरातवाल्यांना रीतसर अर्ज लिहायचे. 'माननीय महोदय, सविनय निवेदन आहे की मला आपल्या गाद्यांची आवश्यकता नाही.' अर्ज पाठवून ते उत्तराची वाट पाहायचे. प्लांटमध्ये अर्ज केला की उशिरा का होईना, काही तरी शेरा मारून परत यायचा. इथे काहीच येईना. शेवटी कोणी तरी त्यांना पत्त्यातली इंग्रजी अक्षरं वाचून दाखवली की इथे उत्तर पाठवू नये, कोणी वाचत नाही. काका खरोखर दुखावले. "पत्र लिहायचं अन् म्हणायचं उत्तर देऊ नका! हा कोणता न्याय? आपलं सांगायचं अन् कान बंद करून घ्यायचे. अशा माणसाशी बोलूच नाई."

पावर हाउस भागातल्या बाजारात एकदा मी त्यांच्यासोबत होते. त्यांनी एक शर्ट घेतला. काउंटरवरच्या पोरीने न बघताच विचारलं, "अंकल, मोबाइल नंबर?"

"कावून?"

तिला मराठी येत नव्हतं, पण सूर कळला. "बिल के लिए."

"बिल कागज पे दे दो, बेटा. मैं शर्ट लेके जा रहा हूँ। शर्ट को फोन करना है क्या?"

मागे रांगेत उभी असलेली माणसं हसली. पोरगी हिरमुसली, तेव्हा काकांनाच वाईट वाटलं. तिला समजावत बसले की तुझा काही दोष नाही, तुलाही कोणी तरी विचारायला बसवलं आहे. पण नंबर काही दिला नाही. रांग मात्र वाढत गेली आणि मी पिशवी धरून उभी राहून राहून थकले. काकांसोबत बाजारात जायचं म्हणजे दुपार गेली असंच धरून चालावं लागे.

अशा माणसाच्या घरात प्रज्ञा जन्माला आली. एकुलती एक. ती कॉलेजात असताना तिची आई गेली, आणि तेव्हापासून दोघं बाप-लेकच. काकांनी तिला क्लासला नेऊन सोडलं, आणलं, इंजिनिअर केलं, पुण्याला नोकरीवर पाठवलं. एका सुट्टीत ती घरी आली होती. मी वाटीभर खीर घेऊन खाली गेले, तर दोघं जेवत होते, आणि तिने नुकतंच सांगितलं होतं की ती नोकरी सोडून तिने दुसरी धरली आहे. एका मसाल्याच्या कंपनीत.

"मतलब करते काय तू तिथं?" काकांनी विचारलं.

"मेल लिहिते, बाबा. कंपनी ग्राहकांना पाठवते ना, वो वाले. मराठीतले."

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. "म्हणजे मी संध्याकाळभर बसून जे बंद करतो, ते तू सकाळी चालू करते."

मला हसू आलं. मी एकटीच हसले.

"लोकायच्या घरात न बोलावता घुसायचा धंदा आहे हा," काका म्हणाले. "याच्यासाठी शिकवलं मी तुले?"

"मी नाही घुसत. लोग खुद अपना पता देते हैं, बाबा. आणि मला आवडतं लिहायला."

"आवडते म्हणे. कोणाच्या दारात उभं राहणंही आवडन उद्या."

प्रज्ञा उठली. हात धुऊन दारात येऊन उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "ठीक आहे. मग तुमच्याही घरात मी न बोलावता नाही घुसणार. बोलावल्याशिवाय फोनही नाही करणार." दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटो आला. काकांनी तिची बॅग उचलून आत ठेवली, वरून दोरी बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली.

त्यानंतर फोन नाही. महिने गेले. मी काकांना सांगून थकले. फोन करा, पोरगी आहे, शब्दाने शब्द वाढला, एवढंच. ते वाफ्यातलं गवत उपटत राहायचे. "टॅग तिनं लावला, बाई. तीच काढन. मी कसा हात लावू?"

"काका, ते घर आहे, रोलिंग मिल नाही."

"नियम तोच आहे."

हट्टी माणसाला समजावणं आणि पालथ्या घड्यावर पाणी ओतणं सारखंच. वर राहणाऱ्या माणसाला खालच्या घरातली शांतता फार ऐकू येते. पूर्वी संध्याकाळी प्रज्ञाशी फोनवर बोलताना त्यांचा आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. आता त्या वेळी नुसती कुकरची शिटी यायची, तीही एका माणसाच्या भाताची.

मग एकदा त्यांच्या फोनची काही तरी कुरकुर होती म्हणून मी तो हातात घेतला. मेलची पेटी त्यांच्या अंगणासारखी झाडून लख्ख. पण एक लाईन चालू होती. मसाल्याची कंपनी, पुणे.

"काका, ही एक राहिली की."

"राहू दे."

"पण तुम्ही तर कधी काही मागवलं नाही. तुमचा पत्ता यांना मिळाला कसा?"

ते बागेकडे पाहत म्हणाले, "मीच देला."

एका शर्टासाठी ज्याने नंबर दिला नाही, त्या माणसाने कंपनीच्या साइटवर जाऊन, सगळे रकाने भरून, आपणहून पत्ता दिला होता. रोज सकाळी चहा घेऊन ते अंगणातल्या खुर्चीवर बसत आणि आलेलं पत्र वाचत. कोणतं प्रज्ञाचं आणि कोणतं दुसऱ्याचं, हे त्यांना पहिल्या ओळीत कळायचं. "हे तिचं नाई. 'त्वरा करा, साठा मर्यादित' असं ती नाई लिहीत. हे पाय, हे तिचं." त्यात लिहिलं होतं, 'तिखट कुटायला घेतलं की आमच्या घरात पहिली शिंक बाबांची असायची, आणि ते प्रत्येक वेळी म्हणायचे की मला सर्दी झाली आहे.'

"हा मी आहे," काका म्हणाले. मला ठाऊक नसल्यासारखं.

त्यांना सर्वांत नवल तिच्या मराठीचं होतं. भिलाईत मराठी घराच्या उंबरठ्याच्या आत. बाहेर पाऊल टाकलं की हिंदी, आणि आमची पोरं तर उंबरठ्याच्या आतही अर्धं वाक्य झालं की हिंदीत वळतात. "इथं असतानी एक वाक्य धड नाई बोलली मराठीत. मी बोलो मराठी, ती देई जवाब हिंदीत. मले वाटे, माह्या मागं ही भाषा या घरात कोणी नाई बोलणार. अन् आता पाय." हे सांगून त्यांनी उगाचच खाकरून घेतलं.

एका पत्रात आंबाडीच्या भाजीची कृती आली. त्या सकाळी त्यांनी मला शाळेत जाताना जिन्यातच अडवलं. "बाई, तुले मराठी टाइप करता येते ना? एक तक्रार लिहायची आहे."

"कोणाला?"

"कंपनीले. तिले नाई, कंपनीले. पाय, खाली लिहून आहे, 'या पत्राला उत्तर लिहा, आम्ही वाचतो.' दुसऱ्या कोणाच्या पत्रात असं नसते. ही लाईन दोन्हीकडून चालते."

मला उशीर होत होता, पण मी टाइप केलं. 'माननीय महोदय, आपल्या पत्रात आंबाडीच्या भाजीत लसूण आधी घालावा असे लिहिले आहे. हे चुकीचे आहे. आमच्या घरी लसूण तेलात लाल करून शेवटी वरून घालत असत. कृपया दुरुस्ती करावी. आपला, एक ग्राहक.'

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'आदरणीय ग्राहक, आपली सूचना योग्य आहे. आमच्याही घरी शेवटी वरूनच घालत. चुकीबद्दल क्षमस्व.' काकांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं, आणि 'आमच्याही घरी' या शब्दांवर पुन्हा एकदा थांबायला लावलं.

मग हे चालूच राहिलं. कंपनीने लिहावं की कुरडयांसाठी गहू एक दिवस भिजवावा, ग्राहकाने कळवावं की एका दिवसात गहू भिजत नाही, तीन दिवस लागतात, हे लहान पोरालाही समजतं. कंपनीने आभार मानावे आणि सहज विचारावं की ग्राहकांच्या भागात ऊन कसं आहे, प्रकृतीला जपता ना. ग्राहकाने कळवावं की ऊन कडक आहे, प्रकृती ठीक, कंपनीतल्या लोकांनीही वेळेवर जेवावं. दोघांपैकी कोणी एकदाही नाव घेतलं नाही. मी मध्ये बसून टाइप करायची. वह्या तपासायच्या राहून जात, पोळ्या करपत, आणि इकडे या दोघांचं 'माननीय' आणि 'आदरणीय'. कधी कधी वाटे, एकदा फोन लावून त्यांच्या कानाला धरावा आणि मोकळं व्हावं. पण तो टॅग माझा नव्हता, हे एव्हाना माझ्याही डोक्यात बसलं होतं.

एकदा पत्र आलं, 'मुगवड्या सावलीत वाळवाव्या.' काका इतके हसले की खोकला लागला. "सावलीत म्हणते! भिलाईच्या उन्हात वाढलेली पोरगी, अन् वड्या सावलीत!" मग हसता हसता थांबले. "मुद्दाम करून राहिली वं ही."

मला ते केव्हाच कळलं होतं. वर्गात काही मुली अशा असतात. गणित येत असतं, पण बाईंनी बाकाजवळ यावं म्हणून चुकवतात.

"मग आता काय करायचं?" मी विचारलं.

"करायचं काय. चूक आहे तर दुरुस्त करावीच लागन."

तो खोकला मात्र गेला नाही. पुढच्या हिवाळ्यात त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं. शाळा सुटली की मी जायची. नळ्या लावलेल्या, चेहरा एवढासा झालेला, पण फोन उशीखाली. एका दुपारी ते म्हणाले, "बाई, लिही." मी स्टुलावर बसले. ते अडखळत सांगत गेले, मधूनच दम घेत.

'माननीय महोदय, ग्राहकाची एक जुनी तक्रार आहे. ती पत्राने सुटणारी नाही. कृपया कंपनीचा माणूस समक्ष पाठवावा.'

"कोणता माणूस, ते लिहू?" मी विचारलं.

"त्यायले समजते." जरा वेळाने डोळे मिटूनच ते म्हणाले, "ती काय बोलली होती, आठवते? बोलावल्याशिवाय नाई येणार. म्हणजे बोलावणं माह्याकडं होतं, बाई. टॅग माह्याच नावाचा होता. अन् मी तिची वाट पाहून राहिलो." मी पाठवण्याचं बटण दाबायला गेले, तर त्यांनी हात पुढे केला. ते त्यांनीच दाबलं.

प्रज्ञा दुसऱ्या दिवशी आली. वॉर्डाच्या दारात खांद्यावर बॅग घेऊन उभी राहिली. आत यावं की नाही, हे तिला कळत नव्हतं. काकांनी मान वळवली.

"कंपनीकडून आले मी," ती म्हणाली.

"या," काका म्हणाले. "तक्रार मोठी आहे. बसा."

ती बसली, आणि त्यांच्या हातावर डोकं टेकून रडली. मी पाणी आणायला म्हणून बाहेर आले आणि व्हरांड्यात बराच वेळ उभी राहिले. मला इतकं बरं वाटत होतं आणि इतका राग येत होता, दोघांचाही. एवढ्याशा गोष्टीसाठी केवढा काळ घालवला यांनी.

डॉक्टरांनी घरी नेऊ दिलं. त्यानंतर काका काही आठवडे होते. प्रज्ञा तिथूनच काम करायची, अंगणात लॅपटॉप घेऊन. काका खुर्चीवर पांघरूण घेऊन बसत आणि ती लिहिलेलं वाचून दाखवी. संध्याकाळी पुन्हा त्यांचा आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येऊ लागला, बारीक, पण येई. एकदा तिने आंबाडी केली. लसूण वरून घालताना ते चुलीजवळ खुर्ची ओढून बसले होते. खाल्ले मात्र दोनच घास. पुढच्या आठवड्यात ते गेले.

विहारातली माणसं आली, वंदना झाली, सगळं साधेपणाने पार पडलं. मग क्वार्टर सोडायचं आलं. प्रज्ञाने महिनाभरात सामान बांधलं, बरंचसं वाटून टाकलं. शेवटच्या सकाळी ती माझ्या पायरीवर येऊन बसली. हातात काकांचा फोन होता. तेवढ्यात तो वाजला, आणि तिने पडदा माझ्याकडे केला. तिच्याच कंपनीचं पत्र होतं, तिनेच लिहिलेलं.

"रोज येतं, काकू. मीच लिहिते, मीच पाठवते, अन् इधर मेरे ही हाथ में बजता है." मग ती म्हणाली, "तुम्हाला एक सांगू? बाकीच्या ग्राहकांना सगळं बरोबरच जायचं. चुकीचं पत्र मी वेगळं बनवायची. एकाच पत्त्यासाठी."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"बंद करायला पाहिजे ना," ती म्हणाली. "मी तिकडून नाव काढू शकते, एक मिनिटाचं काम आहे. पण बाबा म्हणायचे, तुमची लाईन, तुमचा हात. त्यांचा हात कुठून आणू?"

तेव्हा मला ते आठवलं. मी तिला उठवलं, फाटकाशी नेलं, आणि मधुमालतीचा वेल दोन्ही हातांनी बाजूला केला. पाटी गंजली होती, पण अक्षरं शाबूत होती. काकांनी सांगितलं होतं तसं मी तिला सांगितलं. दोन माणसं लागतात, पूर्ण नाव मोठ्याने घ्यायचं, चुपचाप काढायचं नाही. ती सरळ उभी राहिली. फोन दोन्ही हातांत धरला.

"उद्धव तुळशीराम रामटेके," प्रज्ञाने वाचलं. रस्त्यावरून जाणारा सायकलवाला वळून बघू लागला, इतक्या मोठ्याने. आणि तिने बटण दाबलं.

विचारायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून मी विचारलं, "लाईन मेली का?"

तिने नुसती मान हलवली. मी जागची हलले नाही. मग ती मोठ्याने म्हणाली, "मेली, काकू." मी वेल सोडला, तिला जवळ घेतलं. आम्ही दोघी फाटकाशी उभ्या राहून, लाज सोडून रडलो. दुपारी ऑटो आला. बॅग मी ठेवली, दोरी तिने बांधली.

खाली आता दुसरं कुटुंब आलं आहे. चांगली माणसं आहेत, पण त्यांनी वेल छाटला. माझा फोन काकांनी ठेवला तसाच गप्प असतो. परवा शाळेतून आले तेव्हा अंगात त्राण नव्हतं. परीक्षांचे दिवस, वह्यांचा ढीग. पायरीवर बसले आणि फोन वाजला. मसाल्याची कंपनी, पुणे. मी त्यांना माझा पत्ता कधीच दिला नव्हता. न बोलावता घुसली होती पोरगी. काका असते तर आधी यावरूनच तिला झाडलं असतं. मी पत्र उघडलं. कुरडयांची कृती होती. 'गहू एक दिवस भिजवावा,' असं लिहिलं होतं.

मी चहाचं राहू दिलं, वह्या बाजूला सारल्या, चष्मा पुसला आणि लिहायला लागले, 'माननीय महोदय, आपल्या पत्रात एक मोठी चूक आहे.'